अळणी पाणी

पाण्याला अळणी म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तो माझा सासरा निघाला. भाजी अळणी असते, वरण अळणी असतं, फार तर एखाद्याचं बोलणं अळणी असतं. पाणी एक तर गोडं, नाहीतर खारं. पण बाबांनी माझ्या पेटीतल्या पाण्याचा पहिला घोट घेतला, तोंडात घोळवला, गच्चीच्या कठड्यावरून खाली थुंकला आणि म्हणाले, "अलनी हाय, पोरी." ळ आणि ण त्यांच्या तोंडात बसत नाहीत, म्हणून अलनी. मी हसले. कौतुकाने हसले, बरं का.

पेटी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक उथळ ट्रे, आतून काळा रंगवलेला. त्यावर तिरकी काच. ट्रेमध्ये खारं पाणी ओतायचं आणि उन्हात ठेवून द्यायचं. पाणी तापतं, वाफ होते, वाफ काचेला आतून चिकटते, थेंब होऊन काचेवरून घसरते आणि खालच्या पन्हळीतून डब्यात पडते. मीठ आणि बाकीची घाण ट्रेमध्येच राहते. वीज नको, मोटर नको. संध्याकाळी ट्रेमधलं जड झालेलं पाणी काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीन भरायचं. संपलं.

ही पेटी मेघनाची. वागळे इस्टेटमध्ये तिचं छोटं वर्कशॉप आहे, सोलर हीटर वगैरे बनवतात. लग्नाआधी मी तिच्याकडेच कामाला होते. डोंबिवलीहून रोज ये-जा करायचे, स्टेशनवरून रिक्षा पकडायचे, टपरीवर उभी राहून चहा प्यायचे. मग धनेशशी लग्न झालं आणि मी खाडीकाठच्या कोलशेतला आले. त्यानंतर मी एकटीने रिक्षा पकडल्याचं मला आठवत नाही.

गैरसमज नको. मला कुणी कोंडून ठेवलं नाही, कुणी हात उगारला नाही. घर तीन मजली आहे, दोन गाड्या आहेत, प्रत्येक खोलीत एसी आहे, प्रत्येक खिडकीला ग्रिल आहे आणि गेट रिमोटने उघडतं. कुठे जायचं म्हटलं की धनेश म्हणतो, "मी सोडतो ना." माहेरी गेले तर गाडी खाली थांबते. वाण्याकडून सामान घरपोच येतं. "कशाला उन्हात जातेस? तुला कमी काय आहे?" तुला कमी काय आहे! हा प्रश्न पहिल्यांदा कुणी काढला त्याला मला एकदा भेटायचंय. काही कमी असतं तर निदान बोट दाखवून सांगता आलं असतं.

नातेवाईक येतात ते विचारतात, "गोड बातमी कधी?" मी पोह्यांच्या बशा गोळा करून आत जाते.

तर फेब्रुवारीत मेघनाचा फोन आला. रायगडच्या किनाऱ्यावर एक गाव आहे, तिथल्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्यात. तिथे अशा पेट्यांची ओळच्या ओळ लावायची आहे आणि ती सांभाळायला माणूस हवंय. तिथेच राहायचं, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचं. "मला तूच हवीस," ती म्हणाली. "पण आधी एक पेटी तुझ्या गच्चीवर लाव. तुमची खाडी इतकी घाण आहे की तिथे चाललं तर कुठेही चालेल. दर रविवारी एक बाटली माझ्याकडे पाठव. तीनदा बघू, एक जरी नमुना पास झाला की मी गावकऱ्यांना तुझं नाव कळवते."

मी घरात सांगितलं तेव्हा धनेश भाकरी मोडत होता. तो हसला. चिडला असता तर मी तयारीत होते. पण हा हसला.

"पास झालं तर जा की," म्हणाला. "मी कशाला अडवू? मी काय जुन्या काळातला आहे का?"

सासूबाईंनी, म्हणजे गोदाआईंनी, माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. बाबांचे डोळे मात्र लुकलुकले. "खाडीचा पानी? उन्हात? मना दाखव."

का नाही लुकलुकणार? बाबांचा जन्म मिठागरावर गेला. त्यांच्या बापाचं मिठागर, आजोबांचं मिठागर. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. पुढे मिठागर बंद पडलं, जमिनी गेल्या, पैसा आला, बंगला आला आणि बाबा सोफ्यावर बसले. टीव्हीवर काय चाललंय ते त्यांना विचारलं तर सांगता येत नाही, इतकं लक्षपूर्वक ते टीव्ही बघतात. पेटी आली त्या दिवशी मात्र ते लुंगी खोचून माझ्या आधी गच्चीवर हजर.

खाडीवर मी जायचं नाही हे ठरलेलंच होतं. "आपल्या घरची सून डबा घेऊन जेटीवर?" त्यामुळे पाणी बाबा आणायचे. आणि पाणी भरतीचंच. ओहोटीचं पाणी गटाराचं असतं, त्याला ते हात लावायचे नाहीत. फडक्यातून गाळून मी ते ट्रेमध्ये ओतायचे. मग आम्ही दोघं टाकीच्या सावलीत बसून काचेकडे बघत राहायचो. पहिला थेंब घसरला तेव्हा मी टाळी वाजवली. बाबांना मात्र त्या थेंबाचं काही नव्हतं. ते ट्रेकडे बघत होते.

"वाफ उडून जाते त्याला आमी कंदी इचारला नाय," ते म्हणाले. "आमचा माल खाली ऱ्हायचा."

"आता वरचा माल आपला बाबा, खालचा टाकून द्यायचा."

"मीठ टाकायचा?" त्यांना ते पटेना. ट्रेच्या कडेला पांढरी किनार धरायची ती ते नखाने खरवडून एका लोणच्याच्या बरणीत भरायचे. मी ओरडायचे, "बाबा, खाडीचं आहे ते, खाऊ नका." तर म्हणायचे, "खातो कोन? ऱ्हाऊंदे." मग त्यांनी ऐकवलं की मिठागरावर आलेला माणूस, मग तो पाहुणा असो की रस्ता चुकलेला, मूठभर मीठ घेतल्याशिवाय परत जायचा नाही. अळणी हाताने कुणाला पाठवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेमच. जेवायला बसल्यावर प्रत्येकाच्या ताटात मीठ अजून बाबाच वाढतात. आधी मीठ, मग बाकीचं. गोदाआईंनी वाढलेलं त्यांना चालत नाही.

त्या गच्चीवर मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? उन्हाने डोकं भणभणायचं, खाडीचा वास नाकात बसायचा, तरी बरं वाटायचं. दुपार कलली की शेजारच्या टॉवरची सावली पेटीवर यायची आणि थेंब थांबायचे. तो टॉवर आमच्याच विकलेल्या जमिनीवर उभा आहे. सावली पुढे सरकायला लागली की मी उगाचच काच पुसत बसायचे, कारण त्यानंतर खालीच जायचं असायचं.

पहिल्या रविवारी मी बाटली भरली. माझ्याकडे क्षार मोजायचं पेनासारखं एक यंत्र आहे, ते बुडवून बघितलं. पाणी स्वच्छ, एकदम स्वच्छ. झाकण लावलं, खाली स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. मेघनाच्या वर्कशॉपची सुट्टी शुक्रवारी असते, रविवारी ते चालू असतं. मी पर्स उचलली तर धनेश म्हणाला, "मी त्याच बाजूला चाललोय. मी टाकतो ना. तू कशाला तापतेस?"

दुसऱ्या दिवशी मेघनाचा फोन. "कल्पिता, पाण्यात मीठ आहे."

"शक्यच नाही."

"अगं, मी स्वतः मोजलं. थोडं आहे, पण आहे. कुठूनतरी ट्रेमधलं पाणी पन्हळीत उतरतंय. सील बघ."

मी सील बघितलं. सगळं सिलिकॉन उकरून नवीन भरलं. पन्हळ सुटी करून घासली, काचेचा उतार पुन्हा मोजला. पुढच्या रविवारी पेन बुडवलं, स्वच्छ. बाटली गेली. सोमवारी फोन आला, मीठ आहे.

आता माझं डोकं फिरायची वेळ आली. वर मोजलं तर मीठ नाही, वागळेला पोचलं की मीठ आहे. पेन बिघडलं असेल म्हणून नवीन मागवलं. नवीनही तेच सांगतं. रात्री झोप लागेना, कुठे फट असेल, कुठून येत असेल. जेवताना, अंघोळ करताना, नातेवाइकांसमोर मान डोलावताना डोक्यात ती पेटीच. आणि धनेश? तो इतका गोड वागत होता की विचारू नका. "जाऊ दे ना, होतं असं. तू प्रयत्न केलास ना? बस झालं." माझ्या पाठीवरून हात फिरवायचा. सोनाराकडे घेऊन गेला. मी आरशासमोर बांगडी घालून उभी होते आणि मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. मला वाटलं, खरंच मला काही जमत नाही. एक ट्रे आणि एक काच, तेवढंही सांभाळता येत नाही मला. वाफ तरी काचेला लागून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. मी घसरून पुन्हा ट्रेमध्येच.

मेघना म्हणाली, "हा शेवटचा नमुना. मला त्या लोकांना सोमवारी नाव द्यायचंय. नाहीतर वसईची एक मुलगी आहे, तिला घेते. राग मानू नकोस."

मी म्हटलं, "नाही मानत." भयंकर राग आलेला, पण कुणाचा ते कळत नव्हतं.

तिसरा रविवार. त्या आठवड्यात मी पेटीपाशी जवळजवळ मुक्कामच ठोकला होता. बाटली भरली, दोन्ही पेनं बुडवली, दोन्ही स्वच्छ म्हणाली. झाकण घट्ट लावून खाली नेऊन ओट्यावर ठेवली. गोदाआई गॅसपाशी मटण ढवळत होत्या. धनेश गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा होता. मी पुन्हा वर गेले आणि गच्चीच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं की बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवायची राहिली. चिठ्ठी माझ्या हातातच होती. तशीच वळले, जिने उतरले. पायांत चपला नव्हत्या, त्यामुळे माझी चाहूल कुणाला लागली नाही.

ओट्यापाशी बाबा उभे होते. लोणच्याची बरणी उघडी होती. चिमटीत मीठ धरून ते माझ्या बाटलीत सोडत होते, अगदी बेताने, आमटीत टाकतात तसं. बाटली त्यांनी हलवली, डोळ्यासमोर धरून बघितली.

बाटलीचं झाकण धनेशच्या हातात होतं.

मी ओरडले नाही. मी फक्त म्हटलं, "बाबा, काय करताय?"

बाबा दचकलेसुद्धा नाहीत. उलट हसले. एखाद्या पोराला लपवून खाऊ देताना आजोबा हसतात, तसे. "आलीस? वाईच मीठ टाकला. अलनी पानी लोकान्ला प्यायला पाठवतंस, पोरी, कोन पास करंल तुना? तोंडात धरवत नाय. दर टायमाला टाकतो. म्हंजे लागंल गोडा."

दर टायमाला.

"बाबा, ते लोक पीत नाहीत," मी म्हणाले. "ते पाण्यात मीठ आहे का ते बघतात. मीठ असलं की नापास."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच अडकून राहिलं, आणि मग हळूहळू त्यांना कळत गेलं. चिमूट अजून तशीच वर धरलेली. त्यांनी बाटलीकडे बघितलं, बरणीकडे बघितलं आणि मग धनेशकडे बघितलं.

"तू तर बोललंस, टाका बाबा, चांगला लागंल."

धनेशने झाकण ओट्यावर ठेवलं. "अहो बाबा, मला काय माहीत... अगं कल्पिता, एवढं काय मनाला लावून घेतेस? चिमूटभर मीठ ते. त्यांना वाटलं, टाकलं. आता म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं का मी?"

"मी सिलिकॉन उकरत होते तेव्हा तुला माहीत होतं."

तो किल्ली बोटात फिरवायला लागला.

"मी रात्री जागी होते. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. तेव्हा माहीत होतं."

"तू गेली असतीस," तो म्हणाला. एवढंच. आणि त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं, तेच सगळ्यात वाईट होतं. मला त्याला चार शब्द सुनावायचे होते, एक तरी ठेवून द्यायची होती, आणि त्याच वेळी त्याचं तोंड बघून त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं. चार वर्षं मी ग्रिलना दोष देत होते.

गोदाआईंनी गॅस बंद केला. "जेवून घ्या," म्हणाल्या. "निवतंय."

तुम्हाला वाटेल, अशा वेळी कोण जेवतं? आमच्याकडे जेवतात. घरात काहीही होवो, रविवारचं ताट वाढलं की सगळे बसतात. आम्हीही बसलो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पंखा फिरत होता. गोदाआईंनी भाकऱ्या ठेवल्या, मटण वाढलं. त्यात मीठ बेताचंच असतं, कारण वरचं मीठ बाबा वाढतात.

बाबा मिठाचं भांडं घेऊन उठले. आधी गोदाआईंच्या ताटात वाढलं. मग माझ्या ताटापाशी वाकले, दोन-चार कण बाहेर पडले ते त्यांनी बोटाने टिपून घेतले. मग धनेशच्या ताटापाशी आले. थांबले. ताटाच्या वरच्या बाजूला जिथे मीठ वाढतात त्या मोकळ्या जागेकडे त्यांनी बघितलं, आणि पुढे गेले. स्वतःच्या ताटातही वाढलं नाही. भांडं मध्ये ठेवलं आणि बसले.

मध्येच ठेवलं होतं. हात लांब केला असता तर धनेशला सहज घेता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. त्याने घेतलं नाही. तो मान खाली घालून तसंच खात राहिला, आणि समोर बाबाही तसंच खात राहिले. बाप-लेक एकमेकांसमोर अळणी जेवत होते आणि मी नुसतीच भाकरी मोडत होते. मला त्या दोघांचाही इतका राग आला आणि इतकी माया आली की मी हात धुवायला उठले.

गच्चीवर पन्हळीखालचा डबा अजून अर्धा भरलेला होता. नवीन बाटली घेतली, विसळली, भरली. पेन बुडवलं, स्वच्छ. टॉवरची सावली पेटीच्या अर्ध्यावर आली होती. झाकण लावलं आणि या वेळी बाटली ओट्यावर ठेवली नाही. पदरात धरून थेट दाराकडे गेले.

धनेश हॉलमध्ये उभा होता. किल्ली त्याच्या हातात होती. "मी सोडतो," तो म्हणाला. सवयीने म्हणाला, मग स्वतःच वरमला.

"नको," मी म्हटलं. "रिक्षाने जाते."

"मग परत कधी येशील?"

मेघनाकडून आज परत कधी, की त्या गावाहून परत कधी, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरं सांगते, मला उत्तर माहीत नव्हतं. मी चपला घातल्या.

अंगणात ऊन नुसतं पेटलं होतं. गेट बंद होतं. रिमोट कुठे ठेवतात तेच मला माहीत नाही हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी बाटली छातीशी धरून बंद गेटासमोर उभी राहिले. चार वर्षं राहतेय मी या घरात. मग मागून खट्ट आवाज आला आणि गेट सरकायला लागलं. बाबा पायरीवर उभे होते. एका हातात रिमोट, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली. जाणाऱ्याला द्यायची मूठ असते, तशीच. मी बघतेय हे बघून त्यांनी ती उघडली. रिकामी होती.

"अलनीच ने, पोरी," ते म्हणाले.

"नेते, बाबा," मी म्हटलं आणि रिक्षाला हात केला.